दोडक्याच्या वेलाचा हात

बायको बोलत असताना आपण हसणार आहोत की नाही, हे माणसानं आधी ठरवून ठेवावं. मी ठरवलं नव्हतं. आयत्या वेळी हसलो. त्या एका हसण्यापायी मी सतरा दिवस दोडका खाल्ला, शेठजींच्या व्याह्यांच्या तोंडावर पाय ठेवला, आणि आज दिग्रसमध्ये मला ओळखणाऱ्या लोकांपेक्षा माझ्या पायाचा अंगठा ओळखणारे लोक जास्त आहेत.

मी देवीलाल शेठजींच्या जिनिंगमध्ये कारकून आहे. कापसाच्या गाठी तयार झाल्या की त्यांच्यावर नंबर आणि शिक्का मारून घेणं हे माझं काम. आमच्याकडे एक नियम भिंतीवर तेलरंगात लिहिलेला आहे : ‘गाठ पलटवल्याशिवाय शिक्का मारू नये.’ (खालच्या अंगाला ओला कापूस दडवण्याची कला आमच्या भागात फार पुढे गेलेली आहे.) हे पलटवणं आमच्या माणसांच्या हाडात इतकं मुरलंय की मी घरी ताटात पडलेली भाकरीसुद्धा एकदा उलटवून पाहतो. अशीच एक गाठ पलटवताना हातातून निसटली आणि तिचा कोपरा माझ्या उजव्या पायावर आला. तेव्हापासून त्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं आहे आणि मधोमध फाटलेलं आहे. हे आत्ता सांगायचं कारण नाही, पण पुढे काम पडणार आहे.

एकसष्ट सालच्या भाद्रपदातली गोष्ट. रविवारी सकाळी शेजारचे नानाजी मास्तर चहाला आले होते. आमच्या अंगणात दोडक्याचा वेल चांगला फोफावला होता आणि इंदुताई त्याच्याजवळ गहू निवडत बसली होती. (इंदुताई म्हणजे माझी बायको. अख्खी आळी तिला इंदुताई म्हणते, म्हणून लिहिताना मीही म्हणतो. घरात मी ‘अवं’ म्हणतो.) वेलाला कुरळ्या केसासारखे धागे फुटतात आणि ते काठीला गुंडाळले जातात, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यातल्या एका धाग्याकडे बोट दाखवून ती म्हणाली,

“मास्तर, तुमाले एक सांगू? हा वेल हात फिरवून आधार धुंडते. मी गहू निवडाले बसते तवा त्याचा हात भितीकडे असते, अन् उठते तवा मोरीकडे. गोल फिरते तो. मी रोज पाह्यते.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. शिकवायला काही मिळालं की ते कप खाली ठेवतात. “वहिनी, वनस्पतीला स्नायू नसतात. स्नायू नाहीत तिथं हालचाल नाही. तुम्ही पाहता तो वारा.”

“वाऱ्यानं हलणं मले समजत नाही का?”

“हात असता तर त्यानं पहिल्यांदा तुमचे गहू निवडून दिले असते!”

इथं मी हसलो. नुसता हसलो असतो तरी निभावलं असतं, पण मी वर म्हणालो, “मास्तर, उद्या दोडका आपल्या पायानं बाजारात जाऊन बसला तरी आमची ही म्हणेल, मी रोज पाह्यते!” मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. इंदुताईनं सूप उचललं आणि आत गेली.

त्या रात्री दोडक्याची भाजी होती. दुसऱ्या दिवशी डाळ घालून दोडका. तिसऱ्या दिवशी दोडक्याच्या सालीची चटणी, आणि तोंडी लावायला दोडका. नवव्या दिवशी मी धीर करून विचारलं, “अवं, गावातल्या बाकीच्या भाज्या संपल्या का?”

“नाही संपल्या.”

“मंग?”

“तुमाले पटत नाही तवरोक हाच.”

मी पाट टाकून वेलापुढे बसलो. म्हटलं, बघूच. दहा मिनिटं त्या धाग्याकडे टक लावून पाहिलं. धागा जिथल्या तिथं. पंधरा मिनिटांनी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि विसाव्या मिनिटाला मी घोरत होतो, असं शेजारून कळलं.

खरं सांगायचं तर दोडक्याचा वैताग हे अर्धंच कारण होतं. इंदुताईला बारीकसारीक गोष्टी दिसतात आणि त्या ती मला सांगते, हा आमचा बारा वर्षांचा रिवाज होता. मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं, शेजारची मांजर डाव्या अंगाला लंगडते, असलं काहीबाही. मी ‘हूं’ म्हणायचो. आता ती सकाळी वेलापुढे बसायची, बघायची, आणि मला काहीच सांगायची नाही. हे मला फार लागलं. ‘हूं’ म्हणायला काही नसलं की माणसाला आपलं घर ओळखू येत नाही.

मी हे दुःख मुख्तारला सांगितलं. मुख्तार आमच्या जिनिंगचा मिस्त्री. इंजिनापासून शिवणयंत्रापर्यंत त्याच्या हाताखालून न गेलेली वस्तू गावात नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पुंडलिकराव, याचा इलाज माह्यापाशी आहे. शेठजीचा सिनेमाचा कॅमेरा.”

शेठजींनी मुलीच्या, बेबीताईच्या, साखरपुड्याची फिल्म काढली होती. साखरपुडा संपता संपता कॅमेरा अडकला, म्हणून तो दुरुस्तीला मुख्तारकडे आला होता. त्यात एक बारीक बटण होतं. ते दाबलं की एकच चित्र निघायचं.

“अर्ध्या अर्ध्या मिनटाले एक चित्र घ्यायचं,” मुख्तार म्हणाला. “सकाळपासून संध्याकाळलोक. मंग दाखवताना भराभर दाखवायचं. दिवसभराचं काम एका मिनटात दिसते. वेल फिरत असंल तं फिरताना दिसंल, नसंल तं भाभी झूट.”

“अन् एवढा बारीक धागा दिसंल कसा?”

मुख्तारनं खिशातून भिंग काढलं. कापसाचा धागा लांब की आखूड हे पाहायला आमच्याकडे ते वापरतात. सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी कापून त्यानं ते कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलं. त्यातून वीतभरच जागा दिसायची, पण काय दिसायची! वेलाचा धागा दोरखंडाएवढा आणि त्यावरची लव सुद्धा मोजून घ्या.

आम्ही शेठजींकडे गेलो. शेठजींचा राग जिनिंगच्या भोंग्यासारखा. निघाला की गावभर ऐकू जातो. पण कॅमेरा सुरू झालेला पाहून ते खुशीत होते. या कॅमेऱ्यात फिल्म पत्र्याच्या चपट्या डबीत यायची. एका बाजूनं संपली की डबी पलटवून दुसऱ्या बाजूनं चालवायची. एका बाजूवर साखरपुडा होता, दुसरी कोरी होती.

“घ्या कोऱ्या बाजूवर तुमचा दोडका,” शेठजी म्हणाले. “फिल्म धुवायले मुंबईलेच धाडायची आहे. पन एक ध्यानात ठेवा, पुंडलिक. माह्या बेबीच्या साखरपुड्याले धक्का लागला, तं दुसऱ्या दिवशी जिनिंगचं तोंड पाहू नका.”

मी मान डोलावली. माझी नोकरी आता एका पत्र्याच्या डबीत होती.

शनिवारी मुख्तारनं कॅमेरा तयार करून आमच्या घरी आणून ठेवला. रविवारी सकाळी सुरुवात करण्यापूर्वी मी झाकण उघडलं, डबी बाहेर काढली, शेठजींचे शब्द आठवले आणि काळजीपूर्वक पलटवून पुन्हा आत बसवली. मुख्तारनं आदल्या दिवशी तितक्याच काळजीपूर्वक ती पलटवून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पलटवण्यासारखी गोष्ट आमच्यात कुणी सांगत बसत नाही.

पाण्याच्या हंड्यांची घडवंची रिकामी करून तिच्यावर कॅमेरा ठेवला. वेलामागे माझी ऑफिसची काळी छत्री उघडून बांधली, म्हणजे पाठीमागचं काही दिसू नये. समोर वीतभर अंतरावर मुख्तारनं एक बारीक काठी रोवली. “हा त्याचा आधार. धुंडू द्या त्याले.” इंदुताईनं नवं लुगडं नेसलं होतं.

“अवं, फोटू वेलाचा निंगून राह्यला, तुह्या नाही.”

“पन वेल माह्या आहे ना,” ती म्हणाली. पंधरवड्यात ती माझ्याशी इतकं लांब वाक्य पहिल्यांदा बोलली.

बरोबर आठला सुरुवात झाली. तीस मोजायचे आणि बटण दाबायचं. पुन्हा तीस, पुन्हा बटण. वाचताना हे सोपं वाटतं. दूधवाला रामलाल आला नि त्यानं विचारलं, “किती पाव दूध देऊ जी?” मी म्हणालो, “सत्तावीस, अठ्ठावीस...” तो घरात पाहुणे किती आलेत ते बघायला लागला. दहा वाजता मला ढेकरसुद्धा तिसाव्या आकड्यावर येऊ लागली. मग मुख्तार बसला. मुख्तारची बायको खैरुनबी डबा घेऊन आली तर त्यानं तिला हातानंच ‘थांब’ म्हणून खुणावलं, आणि ती बिचारी एकवीसपासून तिसापर्यंत डबा धरून उंबऱ्यात उभी राहिली.

जेवणानंतर मुख्तार घरी गेला आणि पाळी माझ्यावर आली. जेवणात दोडका होता. भाद्रपदातलं ऊन, पोटात दोडका, खाली आरामखुर्ची आणि तोंडात एक ते तीस. झोप यावी म्हणून याहून वेगळं काय करतात? मी पाय मोकळे करावेत म्हणून उजवा पाय वेलाच्या मांडवाच्या आडव्या बांबूवर टाकला. अकरापर्यंत मोजल्याचं मला नक्की आठवतं.

जाग आली तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी दचकून पाय ओढला. काहीतरी हलकेच तटकन तुटलं. पाहतो तो माझ्या अंगठ्याभोवती एक हिरवा धागा दोन वेढे घालून बसलेला, आणि वेलावर त्याचं उरलेलं थोटूक!

इंदुताईच्या वेलाचा हाच तो हात. सकाळपासून याच्याचसाठी सगळा खटाटोप. दोन तास मी चित्र घेतलं नव्हतं, आणि वर पुरावाच मोडून ठेवला होता. तिचं म्हणणं खरं होतं, हे त्या क्षणी गावात फक्त माझ्या अंगठ्याला माहीत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं, तो धागा सोडवला आणि पानाच्या चंचीत कोंबला. तेवढ्यात इंदुताई चहा घेऊन बाहेर आली.

“अवं, घात झाला,” मी म्हणालो. “वेलाचा हात तुटला.”

“कसा काय?”

“चिमणीनं तोडला.”

“चिमणीनं?” ती थोटकाकडे आणि मग माझ्या पायाकडे पाहत म्हणाली. “मोठी होती का चिमणी?”

“असंल. मी पाह्यली नाही नीट.”

“झोपेत कशी दिसंल,” ती म्हणाली आणि चहा ठेवून आत गेली. तिच्या खांद्यावरून मला उगीच वाटलं की ती हसतेय, पण माझी समजूत अशी की दुःखातही खांदे हलतात.

डबी मुंबईला गेली. मी रोज पोस्टमनकडे आशेनं पाहायचो आणि तो दिसला की घाबरायचो. चंचीतला धागा वाळून काळा पडला. टाकवेना. दोडक्याचं मात्र बरं झालं : सतराव्या दिवशी वेलाला दोडके लागायचे थांबले.

दसऱ्याला बेबीताईचे सासरे रामलालजी पुसदहून सोनं द्यायला आले. (हे दूधवाले रामलाल नव्हेत. यांच्या पगडीत आमचा दूधवाला म्हशीसकट मावला असता.) त्यांच्या मानासाठी शेठजींनी फिल्म दाखवायची ठरवली. नवा कापूस अजून यायचा होता, गोदाम रिकामं होतं. भर दुपारी दारं लावून अंधार केला, भिंतीवर पांढरं धोतर ताणलं आणि अर्धं दिग्रस आत बसलं. पुरुष इकडे, बायका तिकडे. पुढे गादीवर रामलालजी, शेठजी, आणि शेठजींच्या आई लालीबाई. मास्तर माझ्या शेजारी. मुख्तारनं मशीन सुरू केलं.

“पहिले साखरपुडा,” शेठजी म्हणाले, “मंग या लोकांचा दोडका.”

पडद्यावर शेठजींचा वाडा आला. पाहुणे आले. भटजी आले. आणि धोतराच्या डाव्या कोपऱ्यातून दोरखंडाएवढा एक पांढुरका हात साखरपुड्यात आला.

मागची छत्री काळी असल्यामुळे बाकी काही उमटलं नव्हतं. साखरपुडा होता तसा होता आणि त्याच्यावर फक्त वेल. तो हात हळूच भटजींच्या डोक्यावरून फिरला, पेढ्यांच्या ताटावरून गेला, शेठजींच्या पगडीला चाचपडून आला, नि पुन्हा भटजींकडे. गोल. पुन्हा गोल. आंधळा माणूस खोलीत काठी शोधतो तसा तो शोधत होता. मी अंधारात मुख्तारकडे सरकलो.

“मुख्तार, डबी मी पलटवलीती.”

“या अल्ला,” मुख्तार म्हणाला. “मी पन.”

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं इंदुताई उठून उभी राहिली. तिला ना शेठजी दिसत होते, ना साखरपुडा. “पाहा मास्तर!” ती ओरडली. “फिरून राह्यला का नाही? वारा आहे का हा? बोला!”

मास्तर उठले. “फिरतोय, वहिनी. धडधडीत फिरतोय. मी चुकलो.” आणि मग ते असं काही बोलले की मला ते आवडले : “उद्या मुलांना घेऊन येतो तुमच्या अंगणात. तुम्हीच सांगा त्यांना.”

इंदुताईचा चेहरा त्या मिणमिणत्या उजेडातही मला दिसला. नोकरी गेली तर गेली, असं मला घटकाभर मनापासून वाटलं. घटका लगेच संपली.

कारण पडद्यावर रामलालजी गादीवर येऊन बसले होते. फोटोसाठी बसावं तसे ताठ, न हलता. आणि खालच्या बाजूनं एकाएकी एक प्रचंड वस्तू वर आली आणि बरोबर त्यांच्या तोंडावर टेकली. पायाचा अंगठा. धोतरभर अंगठा. काळं नख, मधोमध फाटलेलं.

वेल फिरत फिरत आला, अंगठ्याला टेकला, थबकला. मग त्यानं रामलालजींच्या मिशांवरून अंगठ्याला एक वेढा घातला. मग दुसरा. अंगठा हलला नाही. हे चांगलं पंधरा सेकंद चाललं. मग वेल आणि अंगठा दोन्ही नाहीसे झाले आणि रामलालजी पहिल्यासारखे ताठ बसलेले दिसले.

म्हणजे मी झोपलेला असताना कुणीतरी बटण दाबत होतं! दोन तास! मी इंदुताईकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

“मशीन बंद करा!” शेठजी कडाडले. दारं उघडली. “माह्या व्याह्याच्या तोंडावर पाय? कोनाचा पाय आहे हा?”

सांगायची गरजच नव्हती. ज्या नखाचा अपघात जिनिंगच्या रजिस्टरात लिहिलेला आहे, ते नख अख्ख्या गावाला पाठ होतं. तीनशे डोळे माझ्या उजव्या चपलेकडे वळले. मी अंगठा आखडून घेतला.

“पुंडलिक,” शेठजी म्हणाले, “उद्यापासून...”

“तू चूप बैस, देवीलाल,” लालीबाई म्हणाल्या. ऐंशी वर्षांची म्हातारी. गावात शेठजींना चूप म्हणणारी एकटीच. “साखरपुड्यात वेल आला. आपल्या पायानं आला. व्याह्याच्या दारी जाऊन वेढे घातले त्यानं. वंशाचा वेल चढंल रे दोन्ही घरचा! असा शकून कोनाच्या लग्नात झाला काय आजलोक? अन् तू बोंबलतं काय?”

सगळ्यांनी रामलालजींकडे पाहिलं. रामलालजींनी मिशीवरून हात फिरवला, बहुतेक अंगठा गेल्याची खात्री करून घेतली. मग त्यांचं पोट हललं, मग पगडी हलली, आणि ते असे हसले की गोदामातली कबुतरं उडाली. “पुन्हा लावा!” ते म्हणाले. “अंगठ्यापासून लावा!”

चार वेळा लावली. चौथ्या वेळेस शेठजीसुद्धा हसले. (मला उद्देशून ते फक्त ‘उद्यापासून वेळेवर येत जा’ एवढंच बोलले.) मग मुख्तारकडून सारी हकीगत ऐकून रामलालजींनी इंदुताईला पुढे बोलावलं.

“बाई, तो सारा वेळ बटन कोन दाबत होतं?”

“मीच जी. ह्यांचा डोळा लागला अन् वेल ह्यांच्या अंगठ्याकडे येऊन राह्यलाता. म्हटलं उठवावं, तं वेलाचं बिघडंल. दोन तास हे हलले नाहीत. काठी तरी वाऱ्यानं हलते.”

“पन एक समजलं नाही. बाजूले चांगली काठी रोवली होती. ते सोडून वेलानं आधार म्हनून ह्यांनाच काहून धरलं?”

इंदुताईनं पदर सावरला. “वेलाले डोळे कुठं असतात जी? त्याची चूक नाही. मले तं चांगले दोन होते.”

त्यानंतर जे हसणं झालं ते मी इथं लिहीत नाही.

घरी येताना ती सारा रस्ता बोलत होती. कडुनिंबावर घार बसली, मास्तरांच्या सदऱ्याचं बटण तुटलं, रामलालजींची डावी मिशी उजवीपेक्षा आखूड आहे. मी प्रत्येकाला ‘हूं’ म्हणालो आणि इतक्या आनंदानं मी आयुष्यात ‘हूं’ म्हणालो नव्हतो. रात्री ताट वाढलं. वांग्याची भाजी! तेलाचा तवंग, वर कोथिंबीर. माझा विश्वास बसेना. सवयीप्रमाणे मी भाजी चमच्यानं पलटवून पाहिली.

खाली दोडका होता.

“अवं, पटलं ना मले! साऱ्या गावासमोर पटलं! अन् वेलाचे दोडके तं संपले ना?”

“बाजारातून आणला,” ती म्हणाली. “वांगं पटलं त्याचं. दोडका चिमणीचा.”

मी मुकाट्यानं दोन्ही संपवलं.